वरच्या मजल्यावरच्या खोल्या

अमरावतीच्या इर्विन किंवा डफरीन रुग्णालयाच्या आवारात रात्री दहानंतर एक चक्कर मारा. धारणी, अचलपूर, दर्यापूरकडून पेशंटसोबत आलेली माणसं व्हरांड्यात सतरंज्या टाकून पडलेली दिसतात. एक जण पेशंटच्या खाटेशी, बाकीचे बाहेर. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाबाहेरही तेच, तिथे बुलडाणा-वाशीमची माणसंही. आणि याच दोन शहरांत, रुक्मिणीनगर-साईनगरात, जठारपेठेत, गोरक्षण रोडला, घरांचे वरचे मजले कुलूपबंद आहेत. दोन मुलांसाठी म्हणून बांधले, मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, खाली म्हातारा-म्हातारी दोघंच. वर दिवाळीपुरता झाडू फिरतो.

घरातल्या रिकाम्या खोल्या चार-आठ दिवसांसाठी पैसे घेऊन पाहुण्यांना द्यायच्या, हा विचार आपल्याकडे पोचला तो कोकण-गोव्याच्या वाटेने, म्हणून तो समुद्र, झोपाळा आणि सोलकढीसकट पोचला. वऱ्हाडातल्या शहरांचा पाहुणा मात्र निराळा आहे. तो हौसेने येत नाही, कामाने येतो. ऑपरेशन, परीक्षा, कोर्टाची तारीख, विद्यापीठातलं काम, मुलीचं बाळंतपण. खोली मांडायची ती या माणसासाठी, एवढंच मला ठासून सांगायचं आहे.

परक्या माणसाच्या रात्रीची काळजी करणारा सगळ्यात मोठा माणूस याच मातीतला. गाडगेबाबा १८७६ साली अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावला जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ गेले. स्वतःला घर ठेवलं नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीला आलेल्या दलित वारकऱ्याला कोणी ओसरी देत नव्हतं, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा केली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. दवाखान्यात पेशंटला खाट मिळते, त्याच्या माणसाला नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. धर्मशाळा फुकट होती आणि इथे आपण पैसे घेणार, हा फरक मी लपवत नाही. पण रास्त पैसे देऊन राहणारा माणूस मिंधा राहत नाही, हीही मोठी गोष्ट आहे. बाळंतिणीच्या आईला दूरच्या नातलगाकडे आठ दिवस काढताना किती अवघडायला होतं, ते विचारून पाहा.

कामाच्या पाहुण्यांखेरीज जत्रेचे आहेतच. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला भक्तनिवास पुरत नाहीत, तेव्हा माणसं अकोल्याला मुक्काम शोधतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी पाहायला सगळा जिल्हा शहरात उतरतो. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला विदर्भभरातले शेतकरी येतात. मोझरीला तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमानही सुटू लागलं.

आता खोली. पहिलं पाणी, पलंग नंतर. दोन्ही शहरांत नळ रोज येतोच असं नाही. अमरावतीचं पाणी अप्पर वर्ध्याचं, अकोल्याचं महानच्या काटेपूर्णा धरणाचं. म्हणून वरच्या खोलीला स्वतःची वेगळी टाकी हवी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरवर विसंबायची सोयच नाही. त्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, चहा बिघडतो, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि शॉवरची भोकं बुजतात. अशा ठिकाणी शॉवरवर पैसे घालू नयेत. पितळी नळ, मोठी बादली आणि पिण्यासाठी गोड्या पाण्याचा माठ बरा.

दुसरं, कूलर. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत असतो. गच्चीला पांढरा चुना मारला की फरक पडतो. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या लागतात: एकीला कूलर, दुसरी उघडी. हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते, अंगाला चिकचिक सुटते आणि पाहुणा म्हणतो कूलर बिघडला. खारं पाणी घातलं तर ताट्या एका मोसमात पांढऱ्याफटक, कडक होतात. टाकी आठवड्याला पूर्ण उपसून घासायची, नाहीतर डेंगीचे डास आपणच पाळले म्हणून समजा.

येणारा माणूस बहुधा आजाऱ्याला घेऊन येतो. मग जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, कमोड, त्याच्याशेजारी भिंतीत पक्का दांडा आणि रात्री जळणारा एक लहान दिवा हवा. खिचडी-पेज शिजवायला छोटा ओटा दिला तर त्याची किंमत गादीपेक्षा जास्त आहे. वर जायला वेगळा जिना असेल तर घरच्या बायकांनाही मोकळं राहता येतं.

कायद्याची बाजू अवघड नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्याच आहे: मालक राहतो त्याच जागेचा भाग परवान्याने वापरणारा, कुटुंबाबाहेरचा माणूस. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या, फार तर बारा खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं. राज्याचीही निवास-न्याहारी योजना आहे. पर्यटनात उतरणाऱ्या महिलांसाठी २०२३ च्या ‘आई’ धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. रोज हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला असलेली जीएसटीची माफी १८ जुलै २०२२ पासून गेली. तरी वर्षाची सगळी उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. ओळखपत्राची प्रत, नोंदवही आणि पावती यांत हयगय नको. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावीच लागते.

चिखलदऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे गर्दी पावसाळी शनिवार-रविवारची, आणि मेळघाटच्या गाभ्यातली सफारी नेमकी पावसाळ्यात बंद. बाकी दिवस खोल्या ओस. तो हंगाम पाहून शहरातल्या माणसाने कर्ज काढू नये. इर्विनच्या दारात बारमाही गरज उभी आहे.

अडतं ते ओळखीवर. परक्याला वर कसं घ्यायचं, हा म्हाताऱ्या जोडप्याचा प्रश्न खराच आहे, आणि परक्या घरात कसं शिरायचं, हा धारणीच्या बाईचाही. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे आसपासच्या पडताळलेल्या घरांची यादी, दर आणि फोन नंबर लावून ठेवले, तर दोघांच्याही मनातली धाकधूक बरीच कमी होईल. सुरुवातीला प्रत्येक रुग्णालयामागे दहा घरं पुरेत. दर यादीतच छापावा, दारात घासाघीस नको. आणि जात विचारणाऱ्या घराचं नाव त्या यादीत येता कामा नये.