नियोजनातील ज्ञान आणि कृती: काही रूढ समजुती

आधी पाहणी पुरी करावी, तीतून आराखडा सिद्ध करावा आणि तो अंमलबजावणीसाठी सरकारी दप्तराच्या हवाली केला की ज्ञानाचे काम संपून कृतीचे सुरू होते, ही समजूत आपल्या सुशिक्षितांतही इतकी रुजली आहे की, आराखडा फसताच पाहणीच अपुरी होती असे निदान केले जाते. नियोजनाचे मीमांसक जॉन फ्रीडमन यांनी 1987 च्या आपल्या ग्रंथात ज्ञान आणि कृती यांची सांगड घालणे हेच नियोजनाचे मर्म मानले. ही सांगड आपोआप पडत नाही, याचा पुरावा नवी मुंबईत आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याची कल्पना 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली आणि 1970 मध्ये ते उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. कचेऱ्या पूर्वेकडे नेल्यावाचून दक्षिण मुंबईवरील भार उतरणार नाही, हे तेव्हाच ज्ञात होते. तरीही नरिमन पॉइंटला समुद्र हटवून काढलेल्या भूमीवर कचेऱ्यांचे मनोरे चढत राहिले, सचिवालय जागचे हलले नाही, आणि वाशीला लोकल पोहोचण्यास 1992 साल उजाडले. उणीव माहितीची नव्हती. ज्यांच्या हाती मंजुरी होती, त्यांच्या निर्णयांत ती माहिती उतरली नाही.

ज्ञान केवळ तज्ज्ञांपाशी असते, ही समजूत तर मला अधिक घातक वाटते. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांची जी जमीन नकाशावर संपादनयोग्य क्षेत्र म्हणून दाखविली गेली, तिच्यावर आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांचा संसार उभा होता, आणि तो मोडल्यावर रोख मोबदल्यात पुन्हा उभा राहणार नाही, हे त्या खातेदारांना पक्के ठाऊक होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या खातेदारांच्या आंदोलनात 1984 च्या जानेवारीत गोळीबार होऊन पाच जण प्राणास मुकले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. तज्ज्ञांच्या पाहणीने न दिलेले ज्ञान संघर्षाने दिले; त्याची किंमत मात्र भयंकर होती.

म्हणूनच हरकत म्हणजे विकासातील अडथळा, हा समजही टाकून द्यावा. महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे बंधनकारक केले आहे. आपल्या गावाचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा कचेरीत जाऊन तो पाहावा, आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते मुदतीत लेखी नोंदवावे.