झुकझुक कुठून यायची?

आपल्यापैकी बहुतेकांनी कोळशाचं इंजिन गाडी ओढताना पाहिलेलंच नाही. तरी कुठल्याही लहान मुलाला आगगाडी करून दाखवायला सांगा, तो 'झुकझुक'च करणार! डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिन असा आवाज काढत नाही. मग ही झुकझुक आली कुठून?

थर्मोडायनॅमिक्समध्ये पास झालेल्यांना हे सहज कळेल. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन ढकलते आणि काम झालं की धुराड्यातून बाहेर फेकली जाते. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ मिळते. म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा 'झुक'. गाडी सुटताना ते मोजता यायचे, वेग वाढला की एकमेकांत मिसळायचे. गंमत म्हणजे ही वाफ बाहेर जाता जाता भट्टीतून हवा ओढून घ्यायची. चढावर इंजिनाला जास्त वाफ लागली, की आगही आपोआप भडकायची. झुकझुक म्हणजे त्या आगीचा श्वासच!

पण तीच वाफ भरपूर उष्णता घेऊन जायची. कोळशातल्या उष्णतेपैकी दहा टक्केसुद्धा चाकांपर्यंत पोचत नसे. शिवाय पाणी, राख, साफसफाई यांचा व्याप वेगळाच. अखेर 1972 साली चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेचं शेवटचं इंजिन बनलं. ब्रॉडगेजवरच्या रोजच्या गाड्यांना ते 1995 पर्यंत लागत होतं. आपल्या विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूरची 'शकुंतला' तर मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं इंजिन 1994 पर्यंत ओढत होतं.

खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा, पांढरा शर्ट काळा व्हायचा, असं माझे आजोबा हसत हसत सांगतात. भट्टीसमोर उभं राहून तासन्‌तास फावड्याने कोळसा टाकणारा फायरमन मात्र ते इतकं हसून सांगेल का, शंकाच आहे.

म्हणजे बघा, आपल्याला हळवं करतात तो धूर, ती वाफ, तो आवाज, हे सगळं इंजिनीअरच्या हिशेबात 'लॉस'! तो कमी करणं हेच आपलं काम, आणि ते योग्यच आहे. पण कोण कुणाला ढकलतंय, हे त्या इंजिनात प्लॅटफॉर्मवरच्या पोरालाही दिसायचं, म्हणून ते लक्षात राहिलं. सुट्टीत घरी गेलात, तर आजी-आजोबांना त्याबद्दल जरूर विचारा. तो आवाज खरोखर ऐकलेली माणसं आता कमी होत चालली आहेत.