प्राचार्य द. गो. कर्वे : वाणिज्याचे अध्यापक, सहकाराचे सेवक

‘कर्वे’ हें आडनांव ऐकतांच वाचकांस महर्षि अण्णासाहेबांची आठवण व्हावी हें साहजिकच आहे. परंतु आम्ही आज ज्यांचा परिचय करून देणार आहों ते कर्वे निराळे. प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे (१८९८–१९६७) यांचें नांव सुशिक्षित घरांतूनही आतां क्वचितच निघतें. आम्ही राहतों त्या काल्हेरांत तर तें कोणास ठाऊक असण्याचें कारणच नाहीं. तथापि ठाणें-भिवंडी रस्त्यालगतचीं गोदामांचीं रांगच्या रांग छपरें दृष्टीस पडलीं, किंवा मुलास कॉमर्सला घालावें काय असें विचारीत एखादा पालक आला, म्हणजे आम्हांस ह्या गृहस्थाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

आपल्या लोकांत वाणिज्यविद्येस पूर्वीं मान बेताचाच होता. व्याकरण, गणित, कायदा ह्या विद्या; आणि जमाखर्च ही दुकानदाराची कला, असा आपला जुना ग्रह. (तो अजून सर्वस्वीं गेला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.) कर्वे हे फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापक होते. संघराज्यांच्या घटनांवर त्यांनीं १९३२ सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि १९४२ सालीं न्यायमूर्ति रानड्यांवर. असा पंडित १९४३ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें पुण्यास काढलेल्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला, ही गोष्ट लहान नव्हे. रानड्यांचा अभ्यासक जमाखर्चाच्या विद्येकडे वळला यांत आम्हांस तरी विसंगति दिसत नाहीं. देशाच्या दारिद्र्याचा विचार रानड्यांनींच शिकविला होता.

पुढें सरकारानें त्यांस पाचारण केलें. १९५२ सालीं समूहविकासाच्या योजना गांवोगांव सुरू झाल्या, तेव्हां त्यांचें फळ खरोखर काय मिळतें हें तपासण्यासाठीं नियोजन मंडळानें एक स्वतंत्र खातें काढून तें कर्व्यांच्या हवालीं केलें. काम करणारा एक व तपासणारा दुसरा, ही साधी शिस्त पुष्कळ संस्थांत आजही आढळत नाहीं.

परंतु आमच्या तालुक्याशीं त्यांचा खरा संबंध आला तो १९५५ च्या कर्वे समितीमुळें. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेंत ग्रामोद्योगांचें स्थान काय असावें, हा प्रश्न समितीपुढें होता. लाखों विणकरांस एकाएकीं बेकार करूं नये, गिरण्यांच्या कापडाच्या वाढीस आळा घालावा, वाढती गरज हातमागानें भागवावी, आणि सुधारलेलीं साधनें कारागिरांच्या हातीं सहकारी संस्थांच्या द्वारां क्रमाक्रमानें यावीं, असा समितीचा रोख होता. हेतु उदात्त खरा. पण झालें काय? गिरण्यांवर बंधनें आलीं. मोकळी झालेली जागा मात्र हातमागाऐवजीं बव्हंशीं यंत्रमागानें भरून काढली. भिवंडींत मोमीन विणकरांच्या वस्तींतून जो खडखडाट सुरू झाला तो बहुतेक खाजगी मालकांचा. माग चालविणारा राहिला मजुरीवर. यंत्र आलें आणि सहकार मागें राहिला. दोष समितीचा, सरकारचा, कीं आम्हां सर्वांचा, याचा निवाडा कोणी खुशाल करावा. आमच्या मतें कागदावर संस्था काढतां येते, सभासद काढतां येत नाहीं. तो घडवावा लागतो, आणि घडविण्याचें काम कोणीच मनावर घेतलें नाहीं.

पुणें विद्यापीठाचें कुलगुरुपद आणि १९६२ ते १९६४ पर्यंतचें रिझर्व्ह बँकेचें डेप्युटी गव्हर्नरपद यांचा येथें नुसता उल्लेख करून आम्ही पुढें जातों. कारण त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें काम त्यानंतरचें आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघानें सहकाराचीं तत्त्वें नव्यानें ठरविण्यासाठीं एक आयोग नेमला, व त्याचें अध्यक्षपद कर्व्यांस दिलें. रशिया व अमेरिका या दोन्ही देशांचे प्रतिनिधि त्यांत होते; तो काळ ह्या दोघांच्या वैराचा होता हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. १९६६ सालीं व्हिएन्ना येथील अधिवेशनांत आयोगाचीं सहा तत्त्वें मान्य झालीं. सभासदत्व सर्वांस खुलें, कारभार लोकशाहीचा, भांडवलावर व्याज मर्यादित, नफ्याची वांटणी न्यायाची, सभासदांचें शिक्षण, आणि सहकारी संस्थांचें परस्परांशीं सहकार्य. यांतलें सहावें त्या आयोगानें नव्यानें घातलेलें.

दुसरें तत्त्व आपल्या एकत्र कुटुंबांस जड जाण्याजोगें आहे. घरांत वडिलांच्या एका शब्दावर कारभार चालतो. सोसायटींत शंभर शेअरवाल्यास व एका शेअरवाल्यास मत एकच. घरची संवय सभेंत नेली कीं संस्था चेअरमनची होऊन बसते. पांचवें तत्त्व तर कर्व्यांच्या मूळ धंद्याचें, शिकविण्याचें.

व्हिएन्नानंतर वर्षभरानें, १९६७ सालीं, ते वारले. १९९५ सालीं मँचेस्टर येथें तीं तत्त्वें पुन्हा तपासलीं गेलीं व सहांचीं सात झालीं. सहकारी संस्थांनीं परस्परांस साह्य करावें हें त्यांचें सहावें मात्र सहावेंच राहिलें. कॉमर्सबद्दल विचारावयास येणाऱ्या पालकांस आम्ही आतां हीं सात तत्त्वें एका कागदावर लिहून देतों, आणि मुलानें आधीं गांवच्या पतपेढीचा वार्षिक अहवाल वाचून दाखवावा असें सांगतों.