जवारीला बसलेली माणसं

आईचा तंबोरा घेऊन मी मिरजेला गेले तेव्हा त्याचा आवाज बसला होता. तारा सुरात लागत होत्या, पण आस उरली नव्हती. पंचमाची तार छेडली की नुसता 'टण्' व्हायचा आणि विरायचा. शनिवार पेठेतल्या सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात मी तो नेला. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. आढ्याला उलटे टांगलेले भोपळे, कोपऱ्यात दांड्यांची चळत, जमिनीवर भुसा आणि हवेत स्पिरिट-लाखेचा वास. तिशीतल्या एका मुलानं गवसणी काढली, भोपळ्यावर टिचकी मारली, खुंट्या फिरवून पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, बाकी काय झालेलं नाही. जवारी गेलीया. दादाजी नमाजला गेलेत, आले की बसतील."

दादाजी, म्हणजे त्या मुलाचे आजोबा, आले. वय ७८. भिंतीचा आधार घेत, गुडघ्यांना समजावत खाली बसले. चष्मा चढवला, तंबोरा मांडीशी घेतला आणि कानातलं श्रवणयंत्र काढून डबीत ठेवलं.

ऐकण्याच्या कामाला बसणारा माणूस ऐकायचं यंत्रच बाजूला ठेवतो, हे मला काही कळेना. तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, "ह्याला तंबोरा समजत न्हाई. सूर लांबला की त्याला वाटतं शिट्टी वाजाय लागली, मग दाबतंय." गोष्ट खरी आहे. श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं. स्वतःच्याच आवाजानं शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक सोय असते, आणि अखंड चालणारा एकच सूर तिला शिट्टीसारखा वाटू शकतो. तंबोऱ्याचं तर काम तेवढंच, अखंड चालणं.

मिरज म्हटलं की बाहेरच्यांना दवाखाने आठवतात, नाहीतर रेल्वेचं जंक्शन. गाणाऱ्यांना आठवते ही गल्ली. इथल्या तंतुवाद्यांची कथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाले घडवणारे. संस्थानांच्या लढाया थांबल्या तसा त्यांचा धंदाही थंडावला. मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात गवयांची ये-जा होती, आणि प्रवासात वाद्यं मोडायची, उसवायची. ती दुरुस्त करता करता फरीदसाहेब शिकलगार स्वतःच सतारी-तंबोरे घडवू लागले, असं गल्लीतला प्रत्येक जण सांगतो. सतारमेकर हे आडनाव पुढं धंद्यावरूनच पडलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं, आणि उरसात आजही तिथं गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं प्रमाणपत्र बऱ्याच कारखान्यांत भिंतीवर आहे. या कारखान्यात त्याच्या शेजारच्या खिळ्याला दादाजींच्या गोळ्यांची पिशवी लटकत होती.

दादाजींनी आपल्या कामाची हकिगत सांगितली ती वर्षांच्या हिशेबानं नव्हे, अवयवांच्या हिशेबानं. पोरवयात भोपळ्यातल्या बिया काढायचं काम. हा कडू भोपळा, खायच्या उपयोगाचा नाही. पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी शेतकरी तो खास वाद्यांसाठी लावतात आणि शेतातच वाळू देतात. वाळका भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, बिया आणि गर खरवडून काढायचा, आणि तोंडात काटक्या अडकवून हवा तसा घेर येईतो पुन्हा वाळवायचा. हात लहान असेल तर भोपळ्यात सहज जातो, म्हणून हे काम पोरांचं. अंगात ताकद आली की करवत: तूणाच्या लाकडाची दांडी, तबली, गळा, सांधे. तिशी-चाळिशीत नक्षी आणि पॉलिश, कारण तेव्हा नजर पक्की असते आणि हातही घाईला आलेला नसतो.

मग एकेक काम सुटत गेलं. पन्नाशीत कमरेनं करवत सोडायला लावली. साठीच्या आसपास मोतीबिंदू झाला. ऑपरेशन चांगलं झालं, पण नक्षीची बारीक रेघ पुन्हा पूर्वीसारखी येईना. सत्तरीत बोटं थरथरू लागली, तेव्हा खुंट्या बसवणंही मुलाकडं गेलं. "आता जवारीला बसतो," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू बदली होऊन पुढच्या टेबलावर आलेत. ते कधी निवृत्त झाले असं विचारलं तर उत्तर एका तारखेत देता येणार नाही. करवतीतून झाले, नक्षीतून झाले, खुंट्यांतून झाले. जवारीतून अजून व्हायचे आहेत.

जवारी म्हणजे काय, हे गाण्याच्या बैठकीला जाणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. तबलीवर एक सपाट दिसणारी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. ती खरोखर सपाट नसते. तिला पुढच्या अंगाला अगदी किंचित, डोळ्याला न दिसणारा उतार दिलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकत-सुटत थरथरते, आणि त्यातून एका सुरामागून कितीतरी वरचे सूर उलगडत जातात. तंबोऱ्यात कुणी न वाजवलेला गंधार ऐकू येतो तो इथून. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथं ज्यांचं कंपन शून्य असतं, ते वरचे सूर एरवीच्या नियमानं उमटायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते खणखणीत उमटतात, असं त्यांनी त्यात दाखवलं. कारण अर्थात ही घोडी.

वाजवून वाजवून तारा घोडीवर चर पाडतात, उतार बिघडतो आणि आवाज बसतो. मग तो पुन्हा घासून काढायचा. घोडी पूर्वी हस्तिदंताची असे, सांबरशिंगाची असे. वन्यजीव कायद्यानं दोन्ही बंद झाली. आता उंटाचं हाड, काळं लाकूड, नाहीतर फायबर. आईच्या तंबोऱ्याची घोडी हाडाची निघाली.

दादाजींनी तारा सैल करून बाजूला सारल्या. कानस दोन बोटांत धरली आणि घोडीवरून फिरवली. घासली असं म्हणवत नाही, इतकी हलकी. फुंकर. बोटाचं पेर फिरवून अंदाज. पुन्हा दोन हात. मग बारीक पॉलिश पेपर. तार जागेवर, खुंटीला पीळ, घोडी आणि तार यांच्यात सुताचा धागा, आणि धागा केसभर पुढं-मागं सरकवत छेडणं. आवाज एकदम उघडला. मला वाटलं, झालं. त्यांनी मान हलवली, तार पुन्हा सैल. असं तासभर चाललं. त्या तासात त्यांची बोटं एकदाही थरथरली नाहीत. चहाचा कप धरताना मात्र थरथरली.

प्रत्येक वेळी तार लावल्यावर ते नातवाकडं बघायचे. "आला?"

नातू डोळे मिटून ऐकायचा. "वरचा न्हाई आला."

हा 'वरचा' म्हणजे काय, त्याचा थोडा हिशेब मांडता येतो. आईची पट्टी काळी चार. तिथं जोडीचा षड्ज सेकंदाला साधारण २०८ कंपनांचा. त्याच्या दहापटीचा सूर दोन हजारांच्या घरात पडतो, विसावा चार हजारांच्या वर. उतारवयात कान जायला लागतो तो वरून, बारीक आवाजांपासून. म्हणजे या माणसाला तंबोऱ्याचं धड शाबूत ऐकू येतं, पण वरची झळाळी नाही. ती नातवाच्या कानानं ऐकायची. हातात काय केलं की ती येते, हे दादाजींना माहीत. ती आली की नाही, हे नातवाला. दोघे मिळून एक कारागीर होतो. आणि जवारी कुणाला शब्दांत सांगता येत नसल्यामुळं, दादाजींचा कान उतरला नसता तर नातवाला इतक्या लवकर ऐकायला कुणी बसवलं असतं, याची मला शंका आहे.

ठरावीक वयाला काम थांबवायची कल्पना तशी नवी आहे. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीनं वृद्धापकाळ विम्याचा कायदा केला तेव्हा निवृत्तिवेतनाचं वय ७० होतं; १९१६ मध्ये ते ६५ वर आणलं. आपल्याकडं केंद्र सरकारनं १९९८ मध्ये ५८ चं ६० केलं, राज्याच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ च आहे. हे आकडे पगारपत्रक आणि हजेरीपुस्तक असणाऱ्यांसाठी. कारागिराच्या घरात ना नेमणुकीचं पत्र, ना निरोपाचा नारळ. इटलीतल्या क्रेमोनाचा व्हायोलिनकार स्त्रादिवारी नव्वदी उलटल्यावरही वाद्यं करत होता. तो गेला १७३७ मध्ये, बाजीरावांनी दिल्लीला धडक दिली त्याच वर्षी. त्याला कुणी 'अजून का करता' असं विचारलं असेल असं वाटत नाही.

पण मी विचारलं. दादाजी हसले. "घरात बसून काय करू? सुनेच्या पायात येतो." मग थोड्या वेळानं, कानस पुसत, "आन् बसलो तर घालील कोण?"

दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि दिवाळी अंकात असल्या माणसांवर लिहिताना दुसरं उत्तर गाळायची आपल्याला खोड आहे. 'कामावर प्रेम' म्हटलं की लेख गोड होतो. राज्याची श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये देते, पण त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं २१ हजारांची राहिली. महिन्याला १,७५० रुपये. ज्या घरात कुणीही कानस हातात धरतो, ते घर त्यातून बाहेर पडतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, अगदी मासेमारीचं जाळं विणणाराही. वाद्य घडवणारा त्या यादीत वेगळा नाही. सुतार म्हणून नाव घालायचं. १८ वर्षं पुरी हवीत, वरच्या वयाला मर्यादा नाही. त्यात अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजानं कर्ज मिळतं. म्हणजे ७८ व्या वर्षी नवी कानस घ्यायला मदत आहे, कानस खाली ठेवायला नाही.

शिवाय कोणता अवयव आधी निवृत्त होणार, हे धंदाच ठरवतो, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं शेजारी शेजारी ठोके देत जी चकाकती नक्षी उठवतात, तिला मठारकाम म्हणतात. दिवसभर धातूवर धातू. तिथं पहिला जातो तो कान. पण मठारायला कान लागत नाही, नजर आणि मनगट लागतं. त्यामुळं ठार बहिरा तांबट सत्तरीतही सरळ रेषेत ठोके देत बसलेला दिसतो. शिंप्याचं उलट. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागली की शिवण सुटते, पण कापड बेतणं उरतं. खडू आणि कात्री शेवटपर्यंत म्हाताऱ्याच्या हातात, कारण बेतताना चुकलं तर कापडच गेलं. मिरजेत कानावर सगळं येऊन थांबतं, म्हणून तिथली गोष्ट जास्त नाजूक.

नातवाचं म्हणणं मी नंतर, दादाजी जेवायला उठल्यावर ऐकलं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं आणि मग मोबाइलमधल्या तंबोऱ्यानं शिकाऊ गिऱ्हाईक नेलं. नवी वाद्यं कमी, दुरुस्ती जास्त. दुरुस्तीत पैसा जवारीचा. आणि जवारीसाठी आलेला माणूस आत येताच विचारतो, म्हातारे आहेत ना? "मी केली तरी त्यांनाच पुढं बसवतो," तो म्हणाला. "हात माझा असला तरी गिऱ्हाइकाला ते दिसाय पायजेत." माझ्या तंबोऱ्याला हात कुणाचा लागला ते मी पाहिलं होतं, तरी त्यानं ते मला सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

संध्याकाळी तंबोरा पुन्हा लावून पाहिला. जोड छेडली आणि सगळी खोली भरली. आढ्यावरच्या भोपळ्यांतूनही काहीतरी घुमल्यासारखं वाटलं. नातवानं डोळे मिटले आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाला, "आला."

दादाजींनी डबीतून यंत्र काढून कानात घातलं, गवसणीची नाडी स्वतः बांधली आणि कागदाच्या पुडीत सुताचे चार जादा धागे दिले. परत कधी आणू, मी विचारलं.

"रोज वाजवत असाल तर दोन वर्सांनी."

नातवानं त्यांच्याकडं पाहिलं.

"दोनच," ते म्हणाले. "आन् ऊन लावू नका भोपळ्याला."