पेंटबॉलची टाकी

परवा न्यू जर्सीतील मैदानावर एक नवखा खेळाडू बंदुकीवरून टाकी उतरवीत असता टाकी फिरत होती, परंतु झडप मात्र बंदुकीतच अडकून राहिली होती. हे दृष्टीस पडताच मी त्याचा हात धरला, कारण अशी सैल टाकी सुटून वेगाने उडाल्यामुळे माणसे दगावलेली आहेत.

म्हणून टाकी आणि झडप यांच्या सांध्यावर नखपॉलिशची आडवी रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटली, की टाकी जाणकाराच्या हवाली करावी.

कार्बन डायऑक्साइड टाकीत बव्हंशी द्रवरूपाने राहतो, सबब ती दाबमापकावर नव्हे, तर तराजूवर भरावयाची. जास्त भरल्यास उष्णतेने फुगणाऱ्या द्रवास जागा उरत नाही.

संकुचित हवेची टाकी 3000 किंवा 4500 पीएसआयची असते व ऋतुमानाने तिचा दाब फारसा ढळत नाही, म्हणून माझा कौल निःसंशय तिलाच. ती सावकाश भरावी, आणि भरणीच्या तोंडाला तेल वा ग्रीस कदापि लावू नये, ते पेट घेऊ शकते.

खरेदीपूर्वी जलदाब-तपासणीची तारीख वाचावी. अमेरिकेत ती सामान्यतः 5 वर्षेच ग्राह्य असते.