वाळीत टाकलेल्या छात्राचे नाव

वेस्ट पॉइंट, न्यूयॉर्क :

हडसन नदीच्या वळणावर अमेरिकेची जुनी लष्करी अकादमी आहे. २०१७ साली इथल्या छात्रांच्या नव्या वसतिगृहाला हवाईदलाचे जनरल बेंजामिन ऑलिव्हर डेव्हिस (ज्युनियर) यांचे नाव दिले गेले. अमेरिका समजून घेऊ पाहणाऱ्याने या माणसाची हकिकत माहीत करून घ्यायलाच हवी.

डेव्हिस १९३२ साली इथे दाखल झाले. वडील लष्करात अधिकारी होते, पण मुलगा कृष्णवर्णीय म्हणून सोबतच्या छात्रांनी त्याला वाळीत टाकले. वाळीत टाकणे काय असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. चार वर्षे खोलीत जोडीदार नाही. कामापुरते सोडले तर कोणी एक शब्दही बोलायचे नाही. कंटाळून हा आपण होऊन निघून जाईल, असा सगळ्यांचा होरा होता. १९३६ मध्ये डेव्हिस २७६ जणांत ३५वे येऊन बाहेर पडले. त्याआधीचा कृष्णवर्णीय पदवीधर इथून १८८९ साली निघाला होता!

त्यांना वैमानिक व्हायचे होते. हवाईदलात कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही, या कारणाने अर्ज फेटाळला गेला. युद्ध जवळ आल्यावर अलाबामातील टस्कीगी येथे अशी वेगळी तुकडी उभी राहिली आणि मार्च १९४२ मध्ये तिथून पंख मिळवणाऱ्या पहिल्या पाचांत डेव्हिस होते. पुढच्याच वर्षी, ही माणसे लढाईत कमी पडतात, असा अहवाल वरिष्ठांकडे गेला. डेव्हिस यांनी वॉशिंग्टनला समितीपुढे उभे राहून तो खोडून काढला.

मग लाल शेपटीची त्यांची लढाऊ विमाने इटलीतून बॉम्बफेकी विमानांच्या रक्षणाला जाऊ लागली. त्यांनी एकही बॉम्बर गमावले नाही, असे पुढे अनेक वर्षे सांगितले जाई. नोंदी तपासल्यावर सत्तावीसचा आकडा निघाला. हेच काम करणाऱ्या इतर गटांची सरासरी मात्र सेहेचाळीस होती. मला दंतकथेपेक्षा हा हिशेब मोलाचा वाटतो. त्यात खरी माणसे दिसतात.

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. हवाईदलाची त्यासाठीची योजना आखण्यात डेव्हिस यांचा हात होता. १९५४ साली ते या दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले आणि १९७० मध्ये तीन तारे घेऊन निवृत्त झाले. चौथा तारा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते मिळाला तो १९९८ मध्ये, वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटल्यावर. इतका उशीर अक्षम्य आहे, असेच मी म्हणेन. २००२ साली, ४ जुलैला म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते वारले.

जानेवारी २०२५ मध्ये हवाईदलाच्या नव्या भरतीच्या प्रशिक्षणातून टस्कीगीच्या वैमानिकांची चित्रफीत काढली गेली. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच ती पुन्हा दाखवू लागले.