अमेरिकेचा समाज मराठीतून सांगणारे पुस्तक



अमेरिकेतील समाज, तेथील घरे, शाळा, चालीरीती समजून घ्यायच्या तर इंग्रजी पुस्तकच लागते, असा पुष्कळांचा समज आहे. आमचाही होता. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मराठीतील या विषयाच्या ग्रंथाशी आमची ओळख उशिराच झाली. म्हणून तुम्हाला ती लवकर करून देत आहोत.

ग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. लेखिका पंडिता रमाबाई. तो १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. ठिकठिकाणी हिंडून त्यांनी शाळा पाहिल्या, व्याख्याने दिली, येथील विधवांच्या शिक्षणासाठी निधी जमविला. परत येताच मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले.

ग्रंथात राज्यकारभार, घरगुती राहणी, शिक्षण, धर्मपंथ, दानधर्म आणि स्त्रियांची स्थिती यांची माहिती आहे. स्त्रियांचे शिक्षण व त्यांच्या संस्था यांचे रमाबाईंनी मनापासून कौतुक केले. पण त्या भारावून गेल्या नाहीत. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तरी काळ्या लोकांशी भेदभाव चालूच होता. मूळ रहिवाशांवर अन्याय झाला होता. हेही त्यांनी लिहिले. देशभरातील स्त्रियांना मताचा हक्क तर पुढे १९२० साली मिळाला.

मराठी माणसाची ही नजर त्याहून जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. दूरच्या देशाचा इतिहास त्यांनी आपल्या समाजासाठी वाचला.

आपल्या कडोदऱ्यातही अनेक घरे खानदेशातून व इतर भागांतून पोटापाण्यासाठी आली. नव्या मुलखात काय घ्यावे, कशाला प्रश्न विचारावा, हे रमाबाईंकडून शिकता येते.

विद्यार्थ्यांनो, आजी-आजोबांना विचारा: इकडे कधी आलात? पहिली खोली कशी होती? पगार किती होता? शाळा कुठे होती? उत्तरे दोन पानांत लिहून आणा. सामाजिक इतिहास अशाच पानांतून तयार होतो.

पालकांनो, एका शिकलेल्या मराठी स्त्रीने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिका आपल्या भाषेत आणून दिली. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार मनात आला, तर हे एकदा आठवावे.

विश्वस्त मंडळास विनंती, की या ग्रंथाची एक प्रत आपल्या ग्रंथालयात यावी. भाषा जुनी आहे, पण आम्ही मुलांबरोबर बसून रोज एक पान वाचू.